लाल रंगातला हॅरिस

आज जाऊया लंडनला, ३१ मे १९९२ च्या दिवशी.

सेंट क्लेमेंट डेन्स हे ब्रिटिश हवाई दलाचं चर्च. त्याच्यासमोर ९१ वर्षांच्या क्वीन मदर एका पुतळ्याचं अनावरण करतायत आणि गर्दीतले काही जण चक्क ओरडतायत. पुतळा आर्थर हॅरिस यांचा, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर कमांडचे प्रमुख.

आता तारीख बघा. बरोबर ५० वर्षांपूर्वी, ३० मे १९४२ च्या रात्री, हॅरिसनी हजारावर विमानं कोलोनवर पाठवली होती. एखादा कारखाना नव्हे, अख्खं शहर हेच लक्ष्य! कोलोनच्या महापौरांनी पुतळ्याचा निषेध केला, त्यात नवल ते काय? पुढे १९४५ मध्ये ड्रेस्डेनला सुमारे २५,००० माणसं गेली.

पण या पुतळ्यामागे होते कोण? त्याच विमानांतून जिवंत परतलेले म्हातारे. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ मेले. बहुतेक विशीतले, म्हणजे तुमच्याच वयाचे! आणि विजयाच्या भाषणात चर्चिलनी त्यांचं नावही घेतलं नाही.

त्या पोरांची आठवण जपणं मला पटतं. त्यासाठी हॅरिसच कशाला, हे नाही पटत. चबुतऱ्यावर पोरांचा उल्लेख आहे हो, पण नजर जाते ती वरच. पुतळ्यावर लाल रंग फेकला गेला, पहारा बसवावा लागला.

२०१२ मध्ये ग्रीन पार्कात वेगळं स्मारक झालं. एका विमानातले सात जण, थकून परतलेले. तिथे बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सगळ्या देशांच्या लोकांसाठीही एक ओळ कोरलीय.