तात्पुरत्या फाइलींचा पुरावा

सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलचा शिलालेख आहे. त्याचा काळ, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८, त्याच दगडावर कोरलेला आहे. लिनक्स संगणकात तात्पुरत्या फाइली ‘टीएमपी’ या निर्देशिकेत साठतात. तेथे एखादी अनोळखी फाइल आढळली, तर तिचीही ओळख नावावरून नव्हे, आतील मजकुरावरूनच पटते.

युनिक्समधील ‘फाइल’ ही आज्ञा नेमके हेच करते. १९७३ पासून ती वापरात आहे. लिनक्सवर चालणारे तिचे रूप इयान डार्विन यांनी १९८६-८७ मध्ये नव्याने लिहिले. ती फाइलच्या आरंभीचे बाइट वाचते. झिप फाइल ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते. ही तिचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत. लिबरऑफिसचे दस्तऐवज आतून झिपच असल्याने त्यांच्यावरही हीच मुद्रा असते. जुन्या मोडी कागदावरील शिक्क्याची आठवण यावी, अशी ही खूण!

मात्र प्रत्येक अनोळखी फाइल निरुपद्रवी नसते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील अनेक युनिक्स संगणक अकस्मात मंदावले. काही यंत्रांच्या तात्पुरत्या निर्देशिकेत कोणालाच न उमगणाऱ्या फाइली दिसू लागल्या. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेल्या ‘वर्म’च्या त्या पाऊलखुणा होत्या. हा प्रोग्राम आपल्या फाइली स्मृतीत वाचून घेई आणि डिस्कवरून पुसून टाकी. आपला माग लपवण्याची ही तऱ्हा आजही चालते.

म्हणून केवळ मजकूर वाचून भागत नाही. फाइलचा मालक कोण, ती केव्हा बदलली, हे पाहावे लागते. ती या क्षणी कोणत्या प्रक्रियेने उघडी ठेवली आहे, हे ‘एलएसओएफ’ ही आज्ञा सांगते. पुसलेली, पण अद्याप उघडी असलेली फाइलही तिच्या यादीत येते. उलट ‘सिस्टमडी-प्रायव्हेट’ अशा नावाच्या निर्देशिका पाहून नवखे घाबरतात. त्या सेवांना स्वतंत्र जागा मिळावी म्हणून यंत्रणेनेच निर्माण केलेल्या असतात आणि चालू सेवेची निर्देशिका पुसल्यास तीच सेवा अडखळते.

या पुराव्याचे आयुष्य अल्प असते. फेडोराने २०१३ मध्ये आणि डेबियनने २०२५ मध्ये ‘टीएमपी’ स्मृतीतच ठेवण्याची पद्धत स्वीकारली. अशा संगणकाची वीज गेली की तेथील सारे नाहीसे होते. पुनरारंभानंतरही टिकावे असे जे असते, ते ‘व्हार’खालच्या दुसऱ्या ‘टीएमपी’त शोधावे लागते.