अकरा एप्रिल

आमच्या गटाची सभा दर महिन्याच्या ११ तारखेला असते. हप्त्याची तारीख म्हणून ती ठरली, त्यात दुसरं काही कारण नाही. एप्रिलमध्ये मात्र त्या दिवशी महात्मा फुले जयंती येते. आम्ही फोटोला हार घालतो, मग वह्या उघडतो. यंदा हार घालताना एका काकूंनी विचारलं, "आज आणखी कोणाचा वाढदिवस असतो गं?" तिथून जे बोलणं निघालं, ते आज तुम्हाला सांगतोय.

जोतीराव ११ एप्रिल १८२७ ला जन्मले. त्यांना वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांची आई, चिमणाबाई, वारली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्या लेकराला वाढवलं. मुलींची शाळा १८४८ ला भिडेवाड्यात निघाली हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ ला स्वतःच्या घरात आणखी एक काम सुरू केलं. त्याबद्दल भाषणांत कमी बोललं जातं, म्हणून त्यावर जरा थांबू या.

त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेचं पुन्हा लग्न होत नसे. नवरा मेला तेव्हा ती दहा-बारा वर्षांचीही असायची. पुढे घरातल्याच नाहीतर ओळखीतल्या कोणीतरी तिला फसवलं आणि दिवस राहिले, तर तो पुरुष नामानिराळा राहायचा. तिच्यापुढे विहीर नाहीतर बाळाचा गळा, एवढंच उरायचं. पुण्यातल्या एका तरुण विधवेनं असंच बाळ मारलं आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. त्यानंतर फुले दांपत्यानं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. भिंतींवर जाहिराती लावल्या. इथे गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवून जायचं ते तुमच्या मर्जीवर, असा त्यांचा अर्थ. आलेल्या बाईचं बाळंतपण सावित्रीबाई स्वतः बघत. पुढे १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवलंय की तोवर अशा ३५ जणी आल्या होत्या.

यातल्याच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यानं दवाखाना काढला, आणि सावित्रीबाई रोगी आणून पोचवू लागल्या. मुंढव्याच्या एका पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या बाळाला लोक मारायला निघाले असते, त्यानं काढलेल्या दवाखान्यासाठी रोगी आणता आणता त्या गेल्या.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. ११ एप्रिललाच, १८६९ साली, गुजरातमध्ये पोरबंदरला कस्तुरबा जन्मल्या. लग्न झालं तेव्हा त्यांना जेमतेम चौदा वर्षं होती, आणि नवराही तेवढाच पोरगा. सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण झालं. बाळ तीन-चार दिवसच जगलं. गांधीजींनी आत्मकथेत हे कबूल केलंय, शरमेनं केलंय. त्या सोळा वर्षांच्या आईला काय वाटलं हे मात्र तिनं लिहिलं नाही, तिला लिहिता येत नव्हतं.

धाकट्या देवदासच्या वेळी, १९०० साली, ते दक्षिण आफ्रिकेत डर्बनला होते. कळा अचानक सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, सुईण यायला उशीर. गांधीजींनी बाळंतपणावरचं एक गुजराती पुस्तक आधी वाचून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःच बाळंतपण केलं. आमच्या सभेत हे ऐकून सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "आमच्याकडचा तर दाराबाहेर तंबाखू मळत बसला होता."

बा नुसत्या महात्म्याची बायको नव्हत्या. आफ्रिकेतल्या कोर्टानं हिंदी लोकांची लग्नं बेकायदा ठरवली, तेव्हा १९१३ ला त्या सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. बिहारमध्ये चंपारणला त्या खेड्यातल्या बायांना स्वच्छता शिकवत होत्या. त्या कामाला आपल्याकडच्याही दोघी गेल्या होत्या, अवंतिकाबाई गोखले आणि आनंदीबाई वैशंपायन. (गांधीजींचं पहिलं मराठी चरित्र या अवंतिकाबाईंनीच लिहिलं.) तिथं बांनी एकीला विचारलं, लुगडं धूत का नाहीस? तिनं बांना झोपडीत नेऊन दाखवलं, अंगावरच्या लुगड्याशिवाय घरात दुसरं काही नव्हतं. ते धुवायचं तर नेसायचं काय? शिकवायला गेलेल्या माणसानं आधी झोपडीत जाऊन बघावं, हे आम्हा समन्वयकांना त्यातून चांगलंच लागलं.

बा १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेल्या आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच २२ फेब्रुवारी १९४४ ला वारल्या. त्यांच्या नावानं देशभरातून निधी जमला आणि खेड्यातल्या बायका-मुलांसाठी कस्तुरबा ट्रस्ट निघाला. महाराष्ट्रात त्याचं काम प्रेमाबाई कंटकांनी सासवडला उभं केलं. फुल्यांच्या वाडवडिलांचं खानवडी त्याच पुरंदर तालुक्यात आहे.

आणि २००३ पासून केंद्र सरकारनं बांच्या जन्मदिवशी राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन ठरवलाय. म्हणजे फुले जयंतीलाच.

२०१८ ते २०२० ची सरकारी आकडेवारी सांगते, देशात १ लाख जिवंत बाळांमागे ९७ आया दगावल्या, आपल्या राज्यात ३३. पूर्वीपेक्षा खूप कमी. आशाताई, १०८ ची गाडी, दवाखान्यातली बाळंतपणं, यांचं ते यश आहे.

पण आमच्या सभेत बोलणं इथंच थांबलं नाही. गावात एका घरी सोळा वर्षांची सून आहे, तिला पाचवा महिना लागलाय. आशाताईच्या यादीत तिचं नाव नाही. दवाखान्यात खरं वय सांगितलं की पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, म्हणून घरच्यांनी तिला दडवून ठेवलंय. रक्त तपासलेलं नाही, गोळ्या नाहीत. हे लग्न झालं तेव्हा आमच्यातल्याच चौघी जेवायला गेल्या होत्या, हेही त्या दिवशी निघालं. कोणी कोणाकडे बघेना.

कोणी म्हणालं, कळवायला हवं. कोणी म्हणालं, कळवलं तर ते तिला रातोरात माहेरी पाठवतील, मग गाडीही मिळायची नाही. तासभर असं चाललं. शेवटी काकू उठल्या. म्हणाल्या, पोलिसांचं मागाहून बघू, आधी पोरीला तपासायला न्यायचं, सासूशी मी बोलते, ती माझ्याच वयाची आहे. आशाताई आणि आमच्यातल्या दोघी सोबत निघाल्या.

पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा मिळाला. हे बोलणं आम्ही रेडिओवर सांगतोय त्या आठवड्यात पोरीचं रक्त तपासून झालंय. हिमोग्लोबिन सात निघालं. काकू रोज संध्याकाळी जाऊन तिला समोर गोळी घ्यायला लावतात. वयाचं काय करायचं, त्यावर पुढच्या ११ तारखेला पुन्हा बसायचं ठरलंय.