श्वास धरू नकोस

गेल्या डिसेंबरात माझी नात अंदमानला गेली. फिरायला नव्हे, स्कूबा डायव्हिंग शिकायला. अंदमानातलं हॅवलॉक बेट (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप), चार दिवसांचा कोर्स, आणि शेवटी उघड्या समुद्रात चार बुड्या, जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. पण निघण्याआधी आठवडाभर ती आमच्याकडे राहायला होती आणि एका रात्री जाडं पुस्तक माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आजोबा, माझी तोंडी परीक्षा घ्या."

निवृत्त मास्तराला याहून मोठं आमंत्रण कोणतं? चष्मा पुसला आणि बसलो.

पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. मी थबकलो. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते नाक दाबून, दम कोंडूनच. मग हे उलटं कसं? नातीने कागदावर आकडे मांडून समजावलं. आपण वरून दम घेऊन बुडी मारतो, तेव्हा छातीतली हवा खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. पण टाकीतून श्वास घेणाऱ्याला हवा मिळते ती तिथल्या पाण्याच्या दाबाची. १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे छाती भरून घेतली आणि श्वास धरून वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुस काही फुगा नव्हे. ते फाटतं.

हा रॉबर्ट बॉइलचा नियम. मी शिकवायचो इतिहास, पण विज्ञानाचे मास्तर रजेवर असले की बदली तासाला हाही शिकवलाय. मुलांनी पाठ केला, गुण मिळवले. कुणाचा जीव त्यावर अवलंबून असेल हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. याच बॉइलने एका विषारी सापाला काचेच्या भांड्यात ठेवून आतली हवा उपसली होती. सापाच्या डोळ्यात त्याला एक बुडबुडा इकडून तिकडे हलताना दिसला. १६७० साली त्याने ते छापलं. त्या बुडबुड्याचा अर्थ माणसाला कळायला पुढे दोनशे वर्षं लागली.

दुसरा प्रश्न मी विचारला, "वर येताना घाई का करायची नाही?"

याचं उत्तर समुद्रात नाही, नदीवरच्या पुलांत आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुईसला मिसिसिपी नदीवर पूल बांधत होते. पाया खणायला नदीच्या तळाशी प्रचंड पेट्या उतरवायच्या, आत दाबाची हवा भरायची म्हणजे पाणी शिरत नाही, आणि मजुरांनी आत खणायचं. पाळी संपली की मजूर वर येत आणि थोड्या वेळाने सांधे धरून विव्हळत, काहींचे पाय लुळे पडत. त्या एका पुलापायी डझनभराहून अधिक माणसं गेली. तिथला डॉक्टर जॅमिने स्वतः आत जाऊन अडीच-पावणेतीन तास बसला, काही मिनिटांत बाहेर आला आणि त्यालाही लकवा भरला. नशिबाने तो वाचला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच रोगाने अंथरुणाला खिळला. पुढची कित्येक वर्षं त्याची बायको एमिली त्याच्या सूचना कामावर पोचवत होती.

पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये कारण सांगितलं. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. दाब एकदम काढला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे येतात. बॉइलच्या सापाच्या डोळ्यातला तोच बुडबुडा.

पण कारण कळलं म्हणजे उपाय कळला असं नाही. किती खोलीवर किती वेळ थांबायचं? ते शोधलं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी, ब्रिटिश आरमारासाठी, आणि तेही बोकड-शेळ्यांवर! दाबाच्या कोठडीत शेळ्या ठेवायच्या, बाहेर काढायच्या आणि कुठली शेळी पुढचा पाय उचलून धरते ते पाहायचं. पाय उचलला म्हणजे सांधा दुखतोय. त्यावरून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं तयार केली, ती १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आज माझी नात वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबते, त्यामागे त्या मुक्या शेळ्या आहेत.

याच हॉल्डेन साहेबांनी १९०६ साली स्कॉटलंडच्या समुद्रातल्या चाचण्यांत आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडलं. पोशाख मोठ्या माणसाचा, त्यामुळे आत पाणी शिरलं. तरी पोरगा शहाणा, न घाबरता वर आला. हाच पुढे प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ मध्ये ते भारतात कायमचे राहायला आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. म्हणजे ही गोष्ट अगदीच परक्यांची नाही.

तिसरा नियम, टाकीतली हवा शुद्ध हवी. टाकीतून मागेल तेव्हा मागेल तेवढी हवा देणारं उपकरण कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये बनवलं. तीनच वर्षांनी कुस्तो आणि त्याचा मित्र द्युमा व्होक्लूझच्या खोल झऱ्यात उतरले आणि दोघेही मरता मरता वाचले. हवा भरणाऱ्या यंत्राने आपलाच धूर ओढून टाक्यांत भरला होता. शोध लावणाऱ्यालाही सूट नाही.

चौथा नियम, प्रशिक्षण नसताना गुहेत शिरायचं नाही. इथे मात्र मी पुस्तक मिटून बसलो. कॉनरॅड लिंबॉ हे कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतले पाणबुड्यांचे गुरू, सुरक्षित डायव्हिंगचं शिक्षण अमेरिकेत ज्यांनी सुरू केलं त्यांतले एक. मार्च १९६० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पोर मियू इथल्या पाण्याखालच्या गुहेत ते वाट चुकले आणि बाहेर आलेच नाहीत. ज्याने इतरांना शिकवलं, तोच.

पाचवा नियम जोडीदाराचा. एकट्याने उतरायचं नाही आणि उतरण्याआधी एकमेकांची उपकरणं तपासायची. हा मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. चाळीसेक वर्षांपूर्वी शाळेची सहल समुद्रावर नेली होती. मुलं पाण्यात खेळत होती. मी दर दहा मिनिटांनी डोकी मोजत होतो, आणि एकदा एक डोकं कमी भरलं. जवळच जाळं आवरणाऱ्या एका कोळीदादांनी धावत जाऊन त्या पोराला ओढून काढलं. पोरगा जगला. ती रात्र मी जागून काढली. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत मी मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीदार दिसेना की लगेच ओरडायचं. सहकारी हसायचे, "सर, लग्नं लावताय का?" हसू दे. नियम आपल्याला आधी सुचत नाही, एक डोकं कमी भरल्यावरच सुचतो, हीच तर सल आहे.

परीक्षेत नात पास झाली. निघताना मी एकच विचारलं, "आणि पाण्यात गेल्यावर भीती वाटली तर?"

ती म्हणाली, "आजोबा, कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी बुडी थांबवू शकतो. कारण सांगायची सक्ती नाही. हाही नियमच आहे."

तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. पहिली बुडी छान झाली होती. मुखवट्यात पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढलं, तोंडातली नळी सोडून पुन्हा पकडली, सगळं जमलं. दुसऱ्या बुडीला तीन-चार मीटरवरच डावा कान दुखायला लागला. जराशी सर्दी होती. हिने कानाकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'.) शिक्षक काही न विचारता तिला घेऊन वर आले. बाकीची मुलं खाली मासे बघत होती आणि ही बोटीत बसून होती.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"खूप. रडले थोडी. पण कान शाबूत आहे."

दोन दिवस थांबून, सर्दी गेल्यावर, तिने उरलेल्या बुड्या पूर्ण केल्या. परतीचं विमानही एक दिवस पुढे ढकललं, कारण बुडीनंतर लगेच विमानात बसलं तरी तेच बुडबुडे त्रास देतात. तिकिटाचे जादा पैसे तिच्या बापाने कुरकुरत भरले. कुरकुरू दे.

सगळी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो की धीट व्हा, माघार घेऊ नका. वर्गात कुणी "सर, मला भीती वाटते" म्हणालं तर मी त्याला धीर देऊन पुढे ढकललं. सगळ्यांनाच त्याचा उपयोग झाला असेल असं आता वाटत नाही. बोटीत रडत बसलेली माझी नात मला त्या दिवशी सगळ्यात धीट वाटली.

ती परत आल्यावर तिचं प्रमाणपत्र मी पाहिलं. फोटो चांगला आलाय. अजून खोल जायचा पुढचा कोर्स करणार म्हणते. मी पुस्तक ठेवून घेतलंय, तोंडी परीक्षा मीच घेणार.