आठ आण्यांचा कुत्रा : १८३२ च्या मुंबई दंगलीपासून निर्बीजीकरणापर्यंत

१/ सिल्लोडची नगरपरिषद असो वा मुंबईची महानगरपालिका, रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत दोघींवर आज एकाच नियमावलीचे बंधन आहे. तिचे मूळ सूत्र सोपे आहे : पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून आणला त्याच भागात परत सोडा. हे सूत्र अनेकांना अलीकडच्या प्राणिप्रेमातून आलेले वाटते. प्रत्यक्षात त्यामागे दोनशे वर्षांची धडपड आहे, आणि त्या धडपडीच्या आरंभी मुंबईत पेटलेली एक दंगल आहे.

२/ कंपनी सरकारच्या मुंबईत १८१३ पासून एक पोलिसी नियम होता. १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात बेवारस कुत्री मारण्याची मुभा असे. यामागची भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा जगात कुठेही उपाय नव्हता, आणि रोगाची लक्षणे दिसू लागली की मृत्यू ठरलेला असे.

३/ १८३२ साली उन्हाळ्यातली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. कुत्रा पिसाळलेला आहे की निरोगी, याचा त्या आठ आण्यांशी काही संबंध नव्हता. मग चवताळलेल्या जनावराच्या वाटेला कोण जाईल? मारेकरी लोकांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही मारू लागले.

४/ पारशी समाजाला हे सहन होणे शक्य नव्हते. जरथुश्त्री धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो. माणूस मरण पावला की ‘सगदीद’ हा विधी होतो. त्यात कुत्र्याला मृतदेहाजवळ आणून त्याची नजर त्यावर पडू देतात. सरकारी नियमाच्या लेखी जे जनावर बेवारस होते, ते या समाजाच्या अंत्यसंस्काराचा भाग होते.

५/ ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशीही कोटाच्या परिसरात कुत्री मारणे सुरू होते. संतापलेल्या पारशांच्या जमावाने दोन युरोपीय शिपायांना गाठून मारहाण केली. सरकारी कामात आणि व्यापारात कंपनीच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला समाज तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरला होता.

६/ दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद झाला. या बंदमध्ये हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही सामील झाले. छावणीतल्या सैनिकांकडे जाणारी रसद अडवली गेली. अखेर दंगलविरोधी कायद्याचे जाहीर वाचन झाले, लष्कर आले आणि धरपकड झाली. नंतर काही जणांवर खटलेही चालले.

७/ मात्र शिक्षेने प्रश्न मिटला नाही. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली, सरकारकडे अर्ज गेला आणि तडजोड निघाली : कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. निराधार जनावरांना आसरा मिळाला.

८/ या तोडग्यात करुणा होती, पण हिशेब नव्हता. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. ती वर्षातून दोनदाही विऊ शकते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. काही कुत्री हलवली, तरी शहरातले खरकटे आणि कचरा तिथेच राहतो. त्यावर उरलेल्या कुत्र्यांची पिल्ले जगतात, शेजारच्या भागातली नवी कुत्री येतात आणि मोकळी झालेली जागा भरून निघते. कुत्री मारल्यानेही हेच घडते.

९/ विज्ञानाने पहिला मार्ग १८८५ मध्ये दाखवला. लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली आणि तो वाचला. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था सुरू झाली. कायदा मात्र जुन्याच वाटेवर राहिला. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी झालेल्या १९६० च्या केंद्रीय कायद्यातही भटकी कुत्री मारण्यास सूट होती.

१०/ चेन्नईच्या ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेने १९६० च्या दशकात वेगळा युक्तिवाद मांडला : पिढ्यान्‌पिढ्या मारूनही कुत्री कमी होत नसतील, तर त्यांचा जन्मच रोखायला हवा. मुंबईत १९९० च्या दशकात महापालिकेने कुत्री मारणे थांबवले आणि स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने निर्बीजीकरण सुरू झाले. २००१ मध्ये श्वान जन्मनियंत्रण नियम आले आणि हा मार्ग देशभर लागू झाला.

११/ मादीचे अंडाशय व गर्भाशय आणि नराचे वृषण काढले जातात. भूल असतानाच कानाला छोटी खाच पाडतात, म्हणजे तेच जनावर पुन्हा पकडले जात नाही. जखम भरल्यावर लस टोचलेला हा कुत्रा आपल्या गल्लीत परततो. तो आपली हद्द राखतो, बाहेरच्या कुत्र्यांना सहजी शिरू देत नाही आणि त्याच्यापासून पिल्लेही होत नाहीत. १८३२ च्या तोडग्यात नेमका हाच दुवा हरवला होता.

१२/ तरीही हा उपाय झटपट नाही. मुंबईत २०१४ च्या गणनेत ९५,१७२ भटकी कुत्री आढळली. २०२४ चा अंदाज ९०,७५७ होता. दहा वर्षांत घट झाली ती सुमारे ४,४०० ची. रेबीजचे यश मात्र अधिक लवकर दिसते. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. गोव्यात घरोघर आणि गल्लोगल्ली लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले.

१३/ २०२३ मध्ये नवे नियम आले आणि निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर स्पष्टपणे टाकण्यात आली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सर्व कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्यासाठी अपवाद झाला : तिथून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत. हलवावे की परत सोडावे, हा वाद न्यायालयात उभा राहिला.

१४/ या नियमांची खरी कसोटी सिल्लोडसारख्या गावी लागते. संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण म्हणजे मिरची, मका, कापसाची बाजारपेठ. जिथे बाजार, तिथे खरकटे; आणि जिथे खरकटे, तिथे कुत्री. इथे हवी शस्त्रक्रियेची सोय, प्रशिक्षित पशुवैद्यक, पिंजरे, लस, उघड्या कचऱ्याचा बंदोबस्त आणि भोवतालच्या खेड्यांची साथ. वर्षातून एखादी मोहीम काढून भागत नाही. ती थांबली की एक-दोन वेतांत सारे श्रम वाया जातात.

१५/ ही सोय नसेल तर छोट्या गावासमोर एकच सोपी वाट उरते : गाडीत भरून कुत्री शिवेबाहेर सोडणे. पुढच्या गावाची लेकरे त्याच कुत्र्यांच्या तोंडी जातात आणि लस न मिळालेली कुत्री अनोळखी मुलखात उपाशी भटकतात. कंपनी सरकारने १८३२ मध्ये नाइलाजाने स्वीकारलेला तोडगा तो हाच. त्या सरकारकडे रेबीजची लस नव्हती, निर्बीजीकरणाची पद्धतही नव्हती. आज दोन्ही आहेत, आणि ती वापरायची की नाही हे नगरपरिषदेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठरते.