धाप लागलेलं यंत्र

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिन खोलण्याआधी कान लावण्याची रीत होती. गिऱ्हाईक एवढंच सांगायचं, "लोड घेत नाही." रिकामं असताना इंजिन झकास चालायचं, पण उसाला पाणी पाजणाऱ्या पंपाचा भार पडला की ठोके विरळ व्हायचे. मग मिस्त्री क्रमाने चौकशी करायचा. डिझेल पोचतंय का, फिल्टर तुंबलाय का, हवा धरलीय का, थंड करणारं पाणी फिरतंय का? मंदावणं हे नुसतं लक्षण आहे, आजार आणखी कुठेतरी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

यंत्र उघडून त्याचं मर्म काढण्याची या गावाची खोड त्याहूनही जुनी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम नेटाने पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा उभा केला. १९२० चा 'सैरंध्री' त्याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला. पुढे म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार अशा माणसांनी उद्यमनगरात हीच वृत्ती इंजिनांच्या आणि ओतकामाच्या धंद्यात रुजवली.

ऑइल इंजिनावर गव्हर्नर असतो. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या फिरत्या गोळ्यांचा हा वंशज. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि इंधन कमी होतं. वेग उतरला की ते आत येतात आणि इंधन वाढतं. यंत्राने स्वतःला आवरावं ही कल्पना अशी फार जुनी आहे. संगणकाच्या प्रोसेसरला ती शिकायला मात्र बराच वेळ लागला.

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला, तेव्हा त्याचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. अनेक खेळ आणि प्रोग्रॅम हाच वेग गृहीत धरून लिहिले गेले होते. पुढची यंत्रं वेगवान झाली आणि त्या खेळांतली माणसं धावत सुटली. म्हणून कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण आलं, जे बंद केलं की यंत्र मुद्दाम मंद व्हायचं. शेजारी लाल-हिरव्या आकड्यांत वेग झळकायचा. तो आकडा मोजलेला नसे. जोडणी करणारा माणूस मागच्या जंपरवर तो ठरवून द्यायचा. 'मंद का चालतंय' या तक्रारीवर टर्बोचं बटण चुकून दाबलं गेलंय, हेही खरंखुरं उत्तर असायचं.

२००१ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक तालुक्या-तालुक्यात पोचला. बोलीत अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत पडली. "सीपीयू लई स्लो झालाय" असं म्हणत लोक तो डबा उचलून दुकानात आणू लागले. दोष व्हायरसचा असो, भरलेल्या हार्ड डिस्कचा की खऱ्या सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, नाव एकच. ठरलेलं औषधही एकच होतं, 'फॉरमॅट मारणे'.

फॉरमॅट मारूनही काही यंत्रं तासाभरात पुन्हा धापा टाकू लागत. कारण होतं उष्णता. २००१ मध्येच 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढून दाखवला होता. एएमडीचा अॅथलॉन जळून गेला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण जगला. त्यात तापमान ओळखून घड्याळाचे ठोके मध्येमध्ये गाळण्याची सोय होती. प्रोसेसरलाही आता गव्हर्नर मिळाला होता. फरक एवढाच की इंजिनाचा गव्हर्नर वेग राखतो, हा जीव राखतो.

२००४ मध्ये 'प्रेस्कॉट' जातीचे पेंटियम ४ आले, त्यातले काही शंभर वॅटच्या पलीकडे तापायचे. पुढची 'तेजस' ही मालिका इंटेलने त्याच वर्षी गुंडाळली आणि २००६ मध्ये ६५ वॅटच्या कोअर २ ड्युओने वाट बदलली. त्याच २००४ मध्ये हीटसिंक बसवण्याची नवी तऱ्हा आली: प्लॅस्टिकच्या चार खिट्या, दाबून मदरबोर्डात अडकवायच्या. एक खिटी जरी सुटली तरी हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला जाई. डोळ्यांना काही दिसत नसे, पंखाही फिरत असे, आणि यंत्र मात्र अर्ध्या वेगावर रखडत असे. दुरुस्तीच्या धंद्यात इतकी फसवी खोड दुसरी क्वचितच असेल.

फाउंड्रीच्या गावात त्यात धुळीची भर. साच्यांची वाळू, कोळशाची पूड, ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा. कारखान्यातल्या ऑफिसचं दार कितीही लावलं तरी पंखा ती ओढून घेतो आणि हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसतो. ब्लोअर मारायचा, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावायची, खिट्या तपासायच्या. खर्च नगण्य, गुण मोठा.

आज दुखणं शोधायचं तर वेग आणि तापमान हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. तापमान शंभर अंशांच्या आसपास आणि वेग घसरलेला, तर थंडाव्यात खोट आहे. यंत्र थंड असूनही, काम पुढ्यात असताना वेग तळाशी अडकलेला, तर वीज वाचवण्याचं सेटिंग, पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड संशयित. वेग पूर्ण आणि प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला, तर एखादा प्रोग्रॅम त्याला राबवतोय, कदाचित मालकाच्या नकळत. प्रोसेसर निवांत बसलेला आणि तरीही यंत्र ढिम्म, तर डिस्क किंवा अपुरी रॅम. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा सुरक्षेच्या अपडेटनेच काही कामं मंदावली. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचा उपयोग नव्हता.

चांगला कारागीर दुरुस्तीनंतर यंत्र लगेच हाती देत नाही. इंजिन भाराखाली चालवून बघतात तसं तो प्रोसेसरला अर्धा तास पूर्ण कामाला लावतो. तेही बाजूचं झाकण स्क्रूने घट्ट बसवून, कारण दुकानात उघडा चालणारा डबा गिऱ्हाइकाच्या घरी टेबलाच्या बंद कप्प्यात जाणार असतो.