आधी बेतणं, मग कापणं

हाड नेमकं कुठे कापायचं ते सांगणारी सर्जिकल गाईड ही दिसायला मामुली वस्तू. नायलॉनसारख्या प्लास्टिकचा छोटा तुकडा, त्यात करवतीचं पातं जाईल एवढ्या चिरा. तिचं कूळ शोधत गेलं की आधी पोटरी लागते, कॉम्प्युटर बराच नंतर.

मेलबर्नच्या इयान टेलर यांनी 1975 साली फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, रक्तवाहिन्यांसकट काढून दुसऱ्या पायात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. भार मुख्यतः नडगी पेलते. त्यामुळे गुडघ्याकडचं आणि घोट्याकडचं टोक राखलं, तर मधलं हाड गेलं तरी माणूस चालतो. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी याच हाडातून खालचा जबडा उभा केला.

पण हाड सरळ, जबडा वळलेला. मग हाडाला पाचरी काढून ते दुमडायचं. हिडाल्गो एक्स-रेवरून साचे बेतत आणि हाड पायातच, रक्त वाहतं असताना कापत. कारण एकदा ते तोडलं की मानेतल्या रक्तवाहिनीला जोडेपर्यंत उपाशी असतं. साचा होता, पण पाचरीचा कोन शेवटी हाताच्या आणि नजरेच्या भरवशावर. काही अंश चुकले की दातांवर दात बसत नाहीत.

दुसरी शाखा यंत्रांची. हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनने 1971 साली पहिला रुग्ण तपासला. चक हल यांनी 1984 मध्ये थ्री-डी प्रिंटिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. माझ्या मते गाईडचे खरे मूळपुरुष मात्र जर्मनीतल्या आखेनचे क्लाउस राडेरमाखर. 1990 च्या दशकात त्यांनी हाडं कापण्यासाठी असे साचे केले, ज्यांची खालची बाजू त्या रुग्णाच्या हाडाचा हुबेहूब उलटा ठसा असे. असा साचा एकाच जागी बसतो, आणि बसला की कापायची रेघही ठरलेली. ना रोबो, ना कॅमेरा!

2009 साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हर्श आणि सहकाऱ्यांनी जबड्यासाठी या दोन शाखांची सोयरीक जुळवून दाखवली. चेहरा आणि पाय दोन्हींचा स्कॅन, पडद्यावर जबड्यातल्या गाठीची हद्द, मग एक गाईड जबड्याला, एक पोटरीला. 2013 मध्ये तिथेच, एकाच ऑपरेशनमध्ये दातांसकट जबडा बसवल्याचंही प्रसिद्ध झालं.

तरी गाईड हट्टी असते. स्कॅन आणि ऑपरेशन यांच्यात आठवडे गेले आणि गाठ वाढली, तर चीर आपली जुन्याच जागी. तंबाखूने गाल आणि हिरडीचा कॅन्सर होणाऱ्या आपल्या मुलखात, ऑपरेशनच्या रांगा लांब असताना, ही अडचण पुस्तकी नाही. म्हणून काही इस्पितळं गाईड बाहेरून न मागवता स्वतःच्या प्रिंटरवर काढतात. आणि काही गाईडांत मुद्दाम दुसरी चीर ठेवलेली असते, पहिलीच्या जरा पलीकडे.