दहावीतली पिचर आणि कॉलेजची नजर

१. ‘कॉलेजवाले मैदानावर येऊन बसायचे’ : शालेय सॉफ्टबॉल 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतो. शेवटच्या गटात कनिष्ठ महाविद्यालये उतरतात, त्यामुळे नागपुरात दहावीची चांगली पिचर (चेंडू टाकणारी) हेरली जाणे ओघानेच आले. पुढे तीच मुलगी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरू शकते. पिचरलाच एवढी मागणी का? हात खांद्याभोवती पूर्ण फिरवून, मांडीलगत मनगट झटकत ती चेंडू सोडते. महिलांच्या सामन्यात तिच्यापासून फलंदाजाच्या प्लेटपर्यंतचे अंतर अवघे 43 फूट, म्हणून एकटी पिचर सामना फिरवते. अमेरिकेत तर आठवी-नववीतल्या मुलींनाही विद्यापीठे शिष्यवृत्तीचा तोंडी शब्द देत. 2018 मध्ये तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने, एनसीएएने, पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांना अकरावीच्या 1 सप्टेंबरपूर्वी मुलींशी बोलायलाच मनाई केली. आपल्याकडे तसली शिष्यवृत्ती नाही. घरच्यांच्या डोळ्यांसमोर असतात बोर्डाचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण. मात्र शाळा, जिल्हा, विभाग अशा सगळ्या सामन्यांत एकाच मुलीकडून चेंडू टाकून घेतल्याने खांदा दुखावतो. निवड करणाऱ्यांनी आधी तो खांदा जपावा, असे आम्हाला कळकळीने वाटते. — संपा.